बुलेट ३५० (१९७८) : ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या कामाच्या नोंदी

गाडी : बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, मद्रासची. मालक थोरला मामा. मूळची ६ व्होल्टची, मामाने फार पूर्वीच १२ करून घेतलेली. कामाची जागा : कोल्हापूर, घरामागची पत्र्याची शेड. ऑटो अ‍ॅडव्हान्स म्हणजे वेग वाढला की प्लगची ठिणगी आपोआप थोडी आधी पाडणारी, फिरत्या वजनांची यंत्रणा.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

मामा गाडी स्वतः चालवत घेऊन आला. तक्रार ऐकायला विचित्र आहे. सकाळी थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला लागतं. पंधरावीस किलोमीटर जाऊन चहाला थांबलं की परत चालू करताना किक उलटी मारते. नडगीवर काळानिळा वण आहे, तो मामाने पुरावा म्हणून दाखवला. शिवाय पिकअप नाही, चढाला तिसऱ्यातच दम लागतो आणि बेंड पाइप हेडपासून वीतभर निळा पडलाय.

आतापर्यंत कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर दोनदा उतरवून धुतला. प्रत्येक मिस्त्रीने टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, लावलं. मामा म्हणतो, "लावलं की चार दिवस बरी चालते, मग परत पहिले पाढे." मला यातलं 'चार दिवस बरी' महत्त्वाचं वाटतं. टायमिंग एकदा घट्ट केलं की आपोआप हलत नाही. ते हलत असेल, तर ज्यावर लावलंय तीच जागा हलतेय.

संध्याकाळी फक्त टोपी काढून पाहिलं. सिलिंडरच्या मागे, गियरबॉक्सच्या वर जो गोल डबा आहे त्यात वरच्या मजल्यावर पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते स्विच) आणि तळमजल्यावर वजनं. वजनं फाकली की पॉइंट उघडणारा कॅम पुढे फिरतो. कॅम बोटांत धरून फिरण्याच्या दिशेने पिळला आणि सोडला. स्प्रिंगने तो झटक्यात मागे यायला हवा. आला नाही, जिथे सोडला तिथेच बसून राहिला. उलट्या दिशेने ढकलला तर अर्ध्यात अडकला.

एवढी एक तपासणी कार्बोरेटर उतरवण्याआधी झाली असती, तर मामाची नडगी वाचली असती. तिला हत्यार लागत नाही, दोन बोटं पुरतात.

२९ सप्टेंबर, रविवार

खोलण्याआधी आत्ता काय परिस्थिती आहे ते आकड्यांत हवं होतं. डावीकडचं फूटरेस्ट आणि ब्रेक पॅडल काढून प्रायमरी कव्हर उघडलं. एवढं मोठं कव्हर मधल्या एकाच नटवर असतं, ही बुलेटची एक सोय. खाली घमेलं ठेवलं होतं, ऑइल त्यात. अल्टरनेटरच्या रोटरवर डिग्री व्हील बसवलं, जाड तारेचा काटा केला.

पिस्टन नेमका वर कधी, हे प्लगच्या भोकात स्पोक घालून अंदाजाने बघतात. पण बुलेटचा प्लग तिरका बसतो, आणि अगदी वरच्या टोकाला पिस्टन काही अंश जवळपास जागचा हलतच नाही. म्हणून जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात बोल्ट बसवलेला स्टॉपर वापरला. इंजिन हलक्या हाताने एका बाजूने फिरवून पिस्टन स्टॉपरला टेकवायचा, आकडा लिहायचा. मग उलट बाजूने. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टनची सर्वांत वरची जागा. मग रोटरवर पांढऱ्या रंगाने रेघा मारल्या : टीडीसी, १० अंश, २० अंश, ३४ अंश.

या गाडीला टायमिंग सांगितलेलं आहे ते टीडीसीच्या ०.८ मिलिमीटर आधी, अ‍ॅडव्हान्स पूर्ण मिटलेला असताना. स्ट्रोक ९० मिलिमीटरचा, त्यावरून हिशेब केला की क्रँकवर हे साडेनऊ-दहा अंश येतात. पूर्ण मिटलेला असताना, हे शब्द मिस्त्रीलोक खाऊन टाकतात. त्यांना वाटतं इंजिन बंद म्हणजे मिटलेला असणारच.

स्ट्रोबने, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या दिव्याने, पाहिलं. थंड चालू केली : स्लोवर २० च्या रेघेच्या आसपास. रेझ दिली तर बराच वेळ रेघ हललीच नाही, मग एकदम उडी मारून पुढे गेली. रेझ सोडली, रेघ मागे आली नाही! स्लोवरसुद्धा ३० च्या जवळ. इंजिन बंद करून मामाला किक मारायला सांगायची हिंमत नव्हती, मीच मारली. उलटी आली. त्या धक्क्याने वजनं परत अर्ध्यावर आली असावीत, कारण पुढच्या किकला मुकाट्याने लागली आणि रेघ पुन्हा २० वर.

सगळा उलगडा इथेच झाला. कोणत्याही मिस्त्रीचं टायमिंग चुकलेलं नव्हतं. वजनं ज्या अवस्थेत अडकलेली सापडली, तिच्यावर प्रत्येकाने ०.८ बरोबर लावलं. पूर्ण उघडलेल्या अवस्थेत लावलं असेल तर रस्त्यावर ठिणगी कायम दहा अंशांवर. मग ताकद नाही, जळण उशिरा संपतं, गरम धूर पाइपात जातो आणि पाइप निळा पडतो. मिटलेल्या अवस्थेत लावलं असेल तर चहाच्या टपरीपर्यंत छान, नंतर उलटी किक. एकाच बिघाडाच्या दोन विरुद्ध तक्रारी.

२ ऑक्टोबर, बुधवार (गांधी जयंती, सुट्टी)

युनिट खोललं. क्रम लिहून ठेवतो, पुन्हा लागेल.

आधी बेसप्लेट आणि डब्यावर मिळून एक बारीक ओरखडा, म्हणजे प्लेट परत तिथेच बसेल. पॉइंटची वायर सुटी, बेसप्लेट बाहेर. कॅमच्या डोक्यात नमद्याची छोटी गोळी असते, ती चिमट्याने काढली, खाली स्क्रू. स्प्रिंगा आधी काढायच्या, कॅम नंतर. उलट केलं तर स्प्रिंगचे आकडे ओढले जाऊन उघडतात.

कॅम उचलण्यापूर्वी त्याच्या खालच्या पट्टीला आणि एका वजनाला मार्करने ठिपका दिला. हा ठिपका विसरू नये. माझ्या युनिटात कॅम दोन्हीकडून बसतो. त्याला उंचवटा एकच आणि तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅम अर्धा फेरा फिरून बसला की क्रँकचा पूर्ण फेरा चुकला. ठिणगी कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या शेवटी पडणार, आणि आपण पेट्रोल, कॉइल, प्लग सगळं तपासत बसणार.

आत ग्रीस म्हणून जे काही होतं ते वाळून लाखेसारखं झालेलं. त्याखाली लालसर गंज. डब्यात ओल जाते आणि बाहेर पडायला वाट नाही. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवायचा विचार होता, पण कार्ब क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने तासाभरात सुटलं.

साफ झाल्यावर खरी दुखणी दिसली.

पहिलं, एका वजनाची पिन. नख फिरवलं तर मध्ये पायरी लागते. मायक्रोमीटरवर चांगल्या भागात ४.९७, झिजलेल्या भागात ४.८२. वजनाचं भोकही अंडाकृती. वजन उघडताना थोडं तिरकं होतं आणि पिनच्या त्या पायरीला अडकून बसतं. दुसरी पिन बरी आहे, पण तीही बदलणार.

दुसरं, दोन स्प्रिंगा दोन जातीच्या. एक बारीक तारेची, बहुधा मूळची. दुसरी जाड तारेची, एका टोकाचा आकडा पक्कडीने वाकवून केलेला. कुठल्या यंत्रातून आली, देव जाणे. तिच्यामुळे एक वजन उघडायला उशीर करतं, मग दोन्ही एकदम उडतात. स्ट्रोबवरची उडी हीच.

शाफ्टचं बुश मात्र ठीक आहे. कॅम आडवा दाबून फीलर गेजने पॉइंट गॅप मोजला, फरक जाणवण्याइतका नाही. इथे खेळ असता तर वरचं सगळं काम वाया गेलं असतं, कारण प्रत्येक फेऱ्याला गॅप बदलला असता.

संध्याकाळी मामाचा एक मित्र येऊन सांगून गेला की हे सगळं फेकून दे, इलेक्ट्रॉनिक किट बसव. किटला माझा विरोध नाही. पॉइंटची झीज आणि काजळी जाते, हा मोठा फायदा. पण बाजारातली काही किटं फक्त पॉइंट काढून त्याजागी सेन्सर बसवतात आणि खालची वजनं तीच ठेवतात. या गाडीत तसलं किट बसवलं असतं तर नवीन सेन्सरने जुन्याच अडकलेल्या कॅमकडे अगदी अचूक पाहिलं असतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्यमनगर. कोल्हापुरात राहण्याचे जे फायदे आहेत त्यात हा वरचा. पाच मिलिमीटरची पिन करून हवी म्हटल्यावर कोणी हसत नाही.

लेथवाले अण्णा वजन हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होते. मी भोक मोठं करून गनमेटलचं बुश घालायचं म्हणत होतो. अण्णा म्हणाले, "बुशाची भिंत उरणार कागदाएवढी. दोन महिन्यांत फिरायला लागंल ते. त्यापेक्षा भोक रीमरनं गोल करू, पिनच जाड करू की." पटलं. दोन्ही भोकं रीमरने एकाच मापाला आणली. सिल्व्हर स्टीलच्या दोन पिना त्यापेक्षा ०.०३ मिलिमीटर बारीक. जुन्या पिना प्लेटच्या मागून रिव्हेट केलेल्या होत्या, त्या घासून ठोकून काढल्या. नवीन पिना खाली खांदा ठेवून दाबून बसवायच्या आणि मागून फुलवायच्या.

त्यांना विचारलं, नवीन तयार युनिट का घेऊ नये? उत्तर म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून एक नवीन युनिट काढून दिलं, कोणा गिऱ्हाइकाने तक्रार घेऊन आणून टाकलेलं. वजनांच्या कडांना पत्रा कापल्याची धार तशीच, आणि खोक्यातून काढलं तेव्हाच कॅम अडकत होता. धार घासून तेही चालवता येईल. पण जुन्या वजनांचं लोखंड चांगलं आहे, त्यांनाच संधी.

प्लेट आणि वजनं अण्णांकडे सोडून आलो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

स्प्रिंगांचा शोध. स्पेअरच्या दुकानात 'बुलेट अ‍ॅडव्हान्स स्प्रिंग' म्हणून मिळालेल्या जोडीतही दोघींत फरक निघाला. घरी तपासायची सोपी रीत : एक आकडा खिळ्याला, दुसऱ्यात डिजिटल लगेज काटा, पाच मिलिमीटर ताणून वजन वाचायचं. मूळची बारीक स्प्रिंग प्रमाण धरली. जाड तारेची तिच्या दुप्पट ओढत होती. दुकानदार ओळखीचा, त्याने अख्खी पिशवी समोर ओतली आणि म्हणाला, "घ्या शोधून, पण परत पिशवीत भरून द्या." त्यातून मूळ स्प्रिंगच्या जवळ जाणाऱ्या आणि एकमेकींशी जुळणाऱ्या दोन मिळाल्या.

स्प्रिंग कडक झाली तर अ‍ॅडव्हान्स उशिरा येतो, गाडी मधल्या वेगात जड वाटते. मऊ झाली तर स्लोवरच वजनं उघडमीट करतात आणि आयडलिंग वरखाली होतं. असं वरखाली आयडलिंग दिसलं की लोक आधी स्लो जेट बदलतात.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

लेथ बंद. यंत्रांची धुऊनपुसून पूजा, रोजच्या चकवर झेंडूची माळ. प्लेट तयार आहे पण आज हत्याराला हात लावायचा नाही, अण्णांनी प्रसादाबरोबर ती तशीच कागदात गुंडाळून दिली. मामाला दसऱ्याला गाडी पूजेला हवी होती. पूजा तशीच, इंजिनातलं युनिट नसलेल्या गाडीची होणार. हार घालायला ठिणगी लागत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

जोडणी.

पिनांवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब, बस. ग्रीस दाबून भरायचा मोह टाळायचा, तेच पुढे वाळून लाख होतं. वजनं, कॅम (ठिपका ठिपक्यासमोर), स्प्रिंगा. पिळून सोडला : टक्. परत पिळला, परत टक्. मामा शेजारी उभा होता, त्याने स्वतः पाचसहा वेळा करून पाहिलं.

कॅमला बारीक तार लावून कोनमापकावर पूर्ण हालचाल मोजली : १२ अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर २४. म्हणजे १० पासून सुरू करून ३४ ला थांबायला हवं.

कॅमच्या पृष्ठभागावर उष्णतेने न वितळणाऱ्या ग्रीसचा फक्त हात फिरवला, नमद्याच्या गोळीवर तेलाचे दोन थेंब. जास्त झालं की ते पॉइंटवर उडतं आणि टोकं जळतात. नवीन पॉइंट बसवले, टोकं पेट्रोलच्या फडक्याने पुसली, कारण नव्या पॉइंटवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो.

आता गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम कधी उलटा करू नये. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे नुसत्या गॅपनेही टायमिंग सरकतं. कॅमच्या सर्वांत उंच जागी ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा, मी ०.३८ ठेवला.

मग टायमिंग. कॉइलची पॉइंटकडे जाणारी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. बल्ब नसेल तर गाडीतला अँपिअर मीटरही चालतो : काटा मायनसकडे झुकलेला असतो, पॉइंट उघडताच मध्यावर येतो. बुलेटवाले किक मारण्याआधी हाच काटा बघून, कॉम्प्रेशन लिव्हर दाबून पिस्टन पुढे सरकवतात. पण अचूकतेसाठी बल्ब बरा, कारण काट्याला जडत्व आहे.

इंजिन नेहमी फिरण्याच्याच दिशेने आणायचं. थोडं पुढे गेलं तर बरंच मागे नेऊन परत आणायचं, नाहीतर टायमिंग गियरमधला खेळ मापात मिसळतो. १० च्या रेघेवर बल्ब पेटेल अशी बेसप्लेट फिरवून घट्ट केली. घट्ट करताना ती किंचित सरकते, म्हणून परत तपासणं आलंच.

चालू केली. स्लो फारच खाली, दोनदा बंद पडली. ते साहजिक आहे; इतके दिवस ठिणगी लवकर पडत होती म्हणून स्लोचा स्क्रू कोणीतरी खाली उतरवलेला. तो अर्धा आटा वर घेतला.

जाता जाता : जुन्या मॅग्नेटोच्या गाड्यांवर हँडलच्या डाव्या बाजूला याच कामाचा लिव्हर असायचा. किक मारताना ठिणगी मागे, वेग घेतला की पुढे, चढावर पुन्हा थोडी मागे. चालवणाऱ्याला रोज हे हाताने करावं लागे, म्हणून तो बिघडला तर लगेच कळायचं. ऑटोची अडचण एवढीच की तो डब्यात आहे आणि डबा उघडल्यावर नजर वरच्या पॉइंटवरच थांबते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्ट्रोब पुन्हा. या गाडीला आरपीएम मीटर नाही. प्लगच्या वायरला लावायचा छोटा मीटर वापरला, त्याला दोन फेऱ्यांना एक ठिणगी असं सांगावं लागतं.

स्लोवर, ८५० च्या आसपास, रेघ १० वर स्थिर. ११०० च्या पुढे हळूहळू सरकायला लागली, उडी नाही. २९०० ला ३४, त्यापुढे कितीही रेझ दिली तरी तिथेच. रेझ सोडली की मागे येते. हे मागे येणं बघायला मी चारचारदा रेझ देत होतो, शेवटी शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

ठिणगी पुढे का न्यावी लागते याचा हिशेब मामाला कागदावर करून दाखवला. मिश्रण पेटून दाब चढायला जो वेळ लागतो, तो वेग वाढला म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. १००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो, ४००० ला २४ अंश. तेवढ्याच वेळासाठी तेवढी आधी सुरुवात करायची. मामाने कागद घडी करून खिशात ठेवला. आता तो प्रत्येक मिस्त्रीला दाखवणार.

कव्हर लावलं, प्रायमरीत नवीन ऑइल.

२० ऑक्टोबर, रविवार

पन्हाळा. मामा चालवणार, मी मागे, म्हणजे वजनही खरं. परतीच्या पावसाने रस्ता ओला होता, घाई केली नाही.

वाघबीळपर्यंत काहीच विशेष नाही, आणि तेच विशेष. पुढच्या चढाला मामाने सवयीने तिसरा टाकायला पाय पुढे केला आणि मग नुसताच ठेवला; गाडी टॉपमध्ये ओढत होती. मुद्दाम एकदा टॉपमध्ये वेग फार खाली आणून एकदम थ्रॉटल उघडायला लावलं : हलकी टकटक आली, दोन सेकंदांत गेली. ६.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला आजच्या पेट्रोलवर टकटक यायला नको, हेडमध्ये कार्बन साचला असणार. त्यासाठी टायमिंग मागे घेणार नाही, हेड उतरेल तेव्हा बघू.

गडावर पिठलं-भाकरी, गाडी गरम, इंजिन बंद केलेलं. खाऊन आल्यावर मामा किकजवळ उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्रेशन लिव्हर दाबून काटा मध्यावर आणला आणि मारली. लागली. काही बोलला नाही, फक्त उतरताना मला चालवायला दिली नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

तीन आठवडे चालवल्यावरची तपासणी. नव्या पॉइंटची टाच कॅमवर बसते तेव्हा सुरुवातीला थोडी झिजतेच, गॅप ०.३३ वर आला होता, बल्ब ८ अंशांच्या रेघेजवळ पेटत होता. ०.३८ केला, बेसप्लेट न हलवता टायमिंग आपसूक १० वर आलं. कॅम पिळून सोडला, झटक्यात मागे. डब्याच्या टोपीचं जुनं गॅस्केट कडक झालेलं, नवीन कापून बसवलं, ओल आत जाण्याची एक वाट बंद.

पुढची तपासणी ३००० किलोमीटरला : नमद्यावर तेल, गॅप, आणि दोन बोटांची ती पिळणी. मामाला पिळणी शिकवली आहे, गॅप शिकवलेला नाही. नाहीतर दर रविवारी उघडून बसेल.